वाणात गेलेली घड्याळं

पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका सकाळी मी थंडगार सेमिनार हॉलमध्ये हनुवटी छातीला टेकवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसले होते. माझी लाळ एका छोट्या प्लास्टिकच्या नळीत गळावी म्हणून वाट पाहत होते. दोन्ही बाजूंना माझ्यासारख्याच पोक्त नर्सेस. थुंकायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. थुंकलं की फेस होतो आणि फेसाचं माप लागत नाही. लाळ आपणहून यायला हवी, दात येणाऱ्या बाळाची येते तशी.

आता आम्ही काही साध्यासुध्या बायका नव्हतो. प्रत्येकीच्या मागे वॉर्डातली वीसेक वर्षं. मी नुसतं बघितलं तरी पेशंटचे नातेवाईक चपला काढून हातात घेतात. पण त्या नळीपुढे माझा सगळा रुबाब उतरला. तोंडाला कोरड पडली. आमच्या गाईड मॅडम फिरत फिरत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, कुछ खट्टा सोचिए." मी चिंच आठवली, आवळा आठवला, काही उपयोग नाही. मग आमच्या जबलपुरातल्या गोरखपूर बाजारातला फुलकीवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, आठवला, जो आंबट पाणी वाढताना कधी हात आखडता घेत नाही, आणि माझी नळी भरली. शेजारची सिस्टर ते पाहून फस्सकन हसली आणि तिची सांडली. बिचारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

हे आमचं नर्सेससाठीचं उच्च संशोधन प्रशिक्षण. नाव इतकं लांबलचक की ओळखपत्रावर शेवटचा शब्द मावला नव्हता. मनातली काळजी शरीरात कुठे कुठे उमटते, झोपेत, नाडीत, अगदी लाळेतसुद्धा, आणि शरीराचं दुखणं मनाला कसं वाकवतं, हे मोजायला शिकायचं. मी घरी येऊन सासूबाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि संध्याकाळी गल्लीत जाहीर केलं, "माही सून थुंकीची डॉक्टर होऊन राहिली."

थट्टा सोडा, मला ते प्रशिक्षण मनापासून हवं होतं. नोकरी लागल्यापासून मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आले आणि त्याप्रमाणे करत आले. माझा स्वतःचा म्हणून एकच प्रश्न होता: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणारी जी बाई असते, तिच्या शरीराचं काय होतं? मॅडमना प्रश्न आवडला. पण नुसता आवडून भागत नव्हतं. हिवाळा संपायच्या आत छोटी चाचणी करून दाखवायची होती. अशा काही बायका शोधायच्या, त्यांनी मनगटावर एक घड्याळ बांधायचं, जे झोप, हालचाल आणि नाडी आपोआप नोंदवतं, आणि सकाळी चहाच्या आधी नळीत लाळ धरायची. हे जमलं तर प्रशिक्षणाची पुढची दोन वर्षं माझी. नाही जमलं, तर मॅडमच्या शब्दांत, "वापस वॉर्ड."

संस्थेनं सहा घड्याळं दिली. बायका मात्र मिळेनात. मी फोनवर फोन केले. "आम्ही मजेत आहो, दीदी," असं म्हणायच्या आणि मागे कोणीतरी खोकत असायचं, काहीतरी पडल्याचा आवाज यायचा, फोन बंद. हॉस्पिटलात या म्हटलं तर पेशंटला कोणाच्या भरवशावर टाकून यायचं?

शेवटी सासूबाईंना माझी दया आली. "तू काहून फोन करून राहिली? हळदीकुंकू ठेव. बाई कुठंच नाही गेली तरी हळदीकुंकवाले नाही म्हणत नाही."

संक्रांत तोंडावर होती. आम्ही जबलपुरातल्या आणि आसपासच्या, घरी कोणीतरी अंथरुणावर असलेल्या ओळखीपाळखीच्या मराठी बायकांना तेवढी बोलावणी धाडली, आणि सगळ्या आल्या. कोणी शेजारणीला बसवून आली, कोणी मुलाला कॉलेजला दांडी मारायला लावून आली. मी सतरंजीवर उभी राहून घड्याळ कसं बांधायचं, कधीच का काढायचं नाही, चहाच्या आधीच लाळ का धरायची, हे सगळं दोन-दोनदा सांगितलं. संमतीच्या सह्या घेतल्या. मध्येच एकीनं विचारलं की याने बीपी उतरते का. मी नाही म्हणायच्या आत सासूबाईंनी आतून "उतरते, उतरते," असं सांगून टाकलं.

आणि मग मी ती चूक केली, जी एखाद्या मराठी बाईच्या हातून होणंच अशक्य आहे, आणि मराठी बाईखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून होऊच शकत नाही.

सासूबाईंनी वाणासाठी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. मी म्हटलं, वेगवेगळं कशाला द्यायचं? प्रत्येक वाटीत तिळगूळ घातला, त्यावर नळ्यांची पुडी, त्यावर घड्याळ, आणि हळदीकुंकू लावून वाटी एकेकीच्या पदरात घातली. शेवटच्या गल्लीतल्या काकू तर आतही आल्या नाहीत. त्यांच्या घरी काकांना लकवा मारलेला, एकटं सोडता येत नाही. त्यांनी दारातच कुंकू लावून घेतलं, त्यांच्या हातावर पट्टा मीच बांधला, आणि त्या पळाल्या. एकूण काम फारच आटोपशीर झालं. मी मॅडमना फोटो पाठवला. "वेरी गुड, कल्चरली सेन्सिटिव," असं उत्तर आलं. मी खूश होऊन उरलेला तिळगूळ एकटीनं संपवला.

आठवड्यानं मी पिशवी घेऊन घड्याळं गोळा करायला निघाले. पहिलं घर गोरखपुरातल्याच एका मावशींचं. त्यांनी पाणी दिलं, मी घड्याळ मागितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं मी त्यांचं मंगळसूत्रच मागितलं.

"वाण परत मागून राहिली तू? बाप्पा!"

"मावशी, ते वाण नव्हतं. वाटी वाण होती. घड्याळ संशोधनाचं होतं."

"हळदीकुंकू लावलं होतं का नाही?"

"लावलं होतं, पण..."

"मंग? दिलेलं वाण परत जाते का कुठं? आमचे हे आधीच बिछान्यावर हायेत. तुले आणखी काय पाहिजे?"

मला लहानपणापासून माहीत आहे की वाण परत घेत नाहीत. त्यात देणारीचंही वाईट आणि घेणारीचंही. पण त्या दिवशी माझं डोकं सेमिनार हॉलमध्ये राहिलं होतं आणि हातांनी आपल्या सवयीनं कुंकवाचा करंडा उचलला होता. माझ्याच हातांचा मला राग आला.

त्यातून मावशींनी घड्याळ बांधलंही नव्हतं. कपाटात, पुढच्या हळदीकुंकवाला कोणाला तरी देता येईल म्हणून, साबणाच्या डब्या आणि ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं होतं.

मग घरोघरी हीच गत. एकीनं ते नवऱ्याच्याच हातावर बांधलं होतं. "मी तर चांगली हाये, दीदी. गरज त्याइले हाये ना." एकीनं देवघरात बाळकृष्णाच्या पायाशी ठेवलं होतं, कारण त्यात हिरवा दिवा लागतो. बरगी धरणाकडे राहणाऱ्या एकीच्या दिराला ते पाण्यात चालतं का हे बघायचं होतं, म्हणून तो ते घालून मासे धरायला जात होता. आणि एक घड्याळ तर सिहोऱ्याला पोचलं होतं, एकीच्या नणंदेला वाण म्हणून. वाण पुढे दिलं की पुण्य वाढतं म्हणे. संशोधनाचं काय होतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि नळ्या! घट्ट झाकणाच्या, पारदर्शक, बोटाएवढ्या नळ्या. एकूण एक घरात त्यात हळद आणि कुंकू भरून ठेवलेलं. "किती छान हायेत दीदी, प्रवासात जराही सांडत नाही," असं मला कौतुकानं सांगण्यात आलं. लाळेचा एक थेंब कोणी धरला नव्हता. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून मॅडमना फोन करायला घेतला आणि हिंमत न होऊन पुन्हा खिशात टाकला. वापस वॉर्ड, वापस वॉर्ड, एवढंच कानात वाजत होतं. मला तिथेच बसून भोकाड पसरावंसं वाटलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई पोट धरून हसल्या. मग माझं तोंड पाहून भाजी निवडायला बसल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "परत नाही घेता येत. पण वाण म्हणून तर घेता येते ना? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतेच. त्याइले म्हण, तुमच्या घरी ठेवा. तू जा, कुंकू लावून घे, अन् त्या तुले वाण देतील. घड्याळाचं."

अशा रीतीनं माझ्या स्वतःच्या संशोधनाची उपकरणं वाण म्हणून स्वीकारायला मी काठपदराची साडी नेसून दारोदार फिरू लागले. सकाळचं प्रशिक्षण संपलं की हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये साडी, मग सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवून वसुली. मावशींनी घड्याळाबरोबर ओटीही भरली. बरगीच्या दिरानं घड्याळ धुऊन पुसून दिलं, तरी त्याला माशांचा वास यायचा राहिला नाही. सिहोऱ्याच्या नणंदेनं "शहरातून मोठ्या सिस्टर येऊन राहिल्या" म्हणून आख्खा मोहल्ला बोलावला, माझ्या कपाळावर प्रत्येकीनं कुंकू लावलं, आणि बसमधून परत येताना माझ्या मांडीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. दुसऱ्या दिवशी भांगात शिरलेलं कुंकू धुऊनही गेलं नाही. मॅडमनी विचारलं, "कल फिर शादी में गई थीं?" मी हो म्हणाले. ते सोपं होतं.

पाच घड्याळं आली. राहिलं एक, शेवटच्या गल्लीतल्या काकूंचं. आणि तेच एक असं होतं ज्यात काही अर्थ असण्याची शक्यता होती, कारण ते पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातावर होतं.

आम्ही गेलो. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत काका, बोलता येत नाही, काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात. सासूबाई सरळ आत गेल्या आणि "मी बसते भाऊजींजवळ, तू बस माय घडीभर," असं काकूंना सांगून पेपर उघडून त्यांना मोठ्यांदा वाचून दाखवू लागल्या. काकूंनी चहा केला, पोहे केले, माझ्याजवळ बसल्या, हळदीकुंकू लावलं, आणि वाण म्हणून मला एक कंगवा दिला.

मी कंगव्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मनगटाकडे. घड्याळ तिथेच होतं, हिरवा दिवा लुकलुकत.

"काकू, घड्याळ..."

"पुढच्या खेपेले देते ना."

पुढच्या खेपेला साबणाची डबी मिळाली. काकूंनी त्यांच्या माहेरच्या विहिरीची लांबलचक गोष्ट सांगितली, आणि आतून सासूबाईंचा क्रिकेटवर भाजीच्या भावाइतकाच संतापलेला आवाज येत होता. त्याच्या पुढच्या खेपेला चहाची गाळणी. आता मात्र माझं डोकं फिरलं. स्कूटरवरून घरी येईपर्यंत मी सासूबाईंना ऐकवत राहिले. तुमच्या काकू मला खेळवतायत, कंगवे आणि गाळण्या काय समितीपुढे मांडू? सासूबाई म्हणाल्या, गाळणी चांगली हाये, आपली फाटली होती.

रथसप्तमी आली. दुसऱ्या दिवशी समिती. मी त्या घरी पाऊल टाकलं तीच तणतणत. पोहे नकोत म्हटलं, बसतही नाही म्हटलं. "काकू, उद्या हे घड्याळ नेलं नाही तर मला काढून टाकतील. खरंच काढतील. कळतंय का तुम्हाला?"

काकू घाबरल्या. लगेच पट्टा सोडायला लागल्या. पट्टा निघेना. "देते, देते. तुहं नुकसान नाही करायचं होतं मले." मग पट्ट्याकडे बघतच म्हणाल्या, "हे दिलं का तू येणं बंद करशील, म्हणून."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"लोकं येते ना. दारातूनच पुसते, कसे हायेत? अन् जाते. आतमध्ये कोणी बसते का? तीन वर्षांत माह्या घरी हळदीकुंकू झालंच नव्हतं."

मला रडू आलं, आणि माझं रडणं काही सुंदर नाही, नाक आधी वाहतं. मी सतरंजीवर बसले. काकूंनी करंडा आणला, मला कुंकू लावलं, घड्याळ माझ्या ओंजळीत ठेवलं. मी पोहे मागून घेतले आणि दोनदा घेतले. आतून चमचा वाजला तेव्हा काकू उठू लागल्या, तर सासूबाईंनी ओरडून सांगितलं की काही नाही, भाऊजींना फक्त सरकारचं म्हणणं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. मॅडम, आणखी दोन मॅडम आणि एक म्हातारे सर. भिंतीवर माझे आलेख. पहिला आला तसं मॅडमनी चष्मा लावला. "ये महिला आठ दिन से लगातार सो रही है। ज़िंदा है?"

"अलमारी में है, मॅडम."

"महिला?"

"घड़ी."

मग देवघरातलं घड्याळ, तेही गाढ झोपेत. मग बरगीचं, पहाटे पाण्यात उतरणारं. लाळेच्या नमुन्यांचं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, नळ्यांत कुंकू आहे. वाण म्हणजे काय तेही सांगितलं, कारण आता लपवायला उरलंच काय होतं? म्हाताऱ्या सरांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. मॅडम हसत नव्हत्या. मी मनातल्या मनात वॉर्डाची चादर झटकायला सुरुवात केली होती.

शेवटी काकूंच्या नाडीचा आलेख. रात्रंदिवस वर-खाली, वर-खाली, सलग सपाट अशी रेघ कुठे नाहीच. मॅडम पुढे वाकल्या. मधूनच काही दुपारी ती रेघ खाली उतरून तासभर शांत बसली होती.

"यहाँ घड़ी उतार दी थी?"

"नहीं मॅडम, पहनी थी. मैं उनके घर बैठने गई थी. हळदीकुंकू के लिए."

"यानी डेटा में आप ख़ुद घुसी हुई हैं." मॅडमनी सुस्कारा सोडला. "सिस्टर, वो बैठ गईं, इसलिए धड़कन उतरी. बैठने से सबकी उतरती है। इससे क्या साबित हुआ?"

"कुछ नहीं, मॅडम," मी म्हणाले. "बस बैठी थीं. बाक़ी वो बैठती ही नहीं हैं."

सरांनी रुमाल खिशात ठेवला. मॅडमनी तो आलेख मागे नेला, पुढे आणला, पुन्हा मागे नेला. मग म्हणाल्या की चाचणी म्हणून ही भयंकर आहे, अशी चाचणी त्यांनी जन्मात पाहिली नाही, पण प्रश्न सापडला आहे आणि तो सोडून मला वॉर्डात परत धाडण्यात काही अर्थ नाही. मी राहायचं. मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. मी फक्त "जी मॅडम" म्हटलं.

पण आता नीट तुलना हवी, असं त्या लगेच सांगू लागल्या. एका गटातल्या बायकांकडे ठरवून कोणीतरी जाऊन बसेल. दुसरा गट असा हवा की ज्यांच्याकडे कोणीच जात नाही. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि पेन वर करून मला विचारलं, "ऐसी औरतें लाओगी कहाँ से, जिनके घर कोई न आता हो?"

मी म्हणाले, आणायच्या कशाला, मॅडम? रोज दुपारी डिस्चार्जच्या वेळी वॉर्डाच्या दारात उभं राहून एका बाईच्या हातात औषधांची पिशवी आणि तिचा माणूस देतो, 'ख़याल रखना' म्हणतो आणि दार लावून घेतो. आपणच तयार करतो की त्या.